वाहते पाणी चोखेच असते का?



आपल्या वर्धा जिल्ह्याची धाम नदी उत्तरेकडच्या टेकड्यांतून निघते. वर ती लहानसा ओढाच असते. पुढे महाकाळी धरणात तिचे पाणी अडते. येळाकेळी आणि पवनारजवळ ते उचलून, शुद्ध करून वर्धा शहराला देतात. शहराच्या नळामागे शुद्धीकरण केंद्र आहे. ओढ्यावर भरलेल्या घागरीमागे काहीच नाही.

वस्तीत आम्ही आरोग्यावर बोलायला बसलो की एखादी आजी हमखास म्हणते, "वाहतं पाणी चोखं असते, बाई." दिसायला असेलही. पण वरच्या गावची हागणदारी, गुरे, धुणे सारे त्याच पाण्यात मिसळते. पहिल्या पावसात काठावरची घाण वाहून येते आणि घरात हगवण, विषमज्वर, कावीळ शिरते. कपाशीवरचे फवारणी पंप ओढ्यात धुतले, तर ते विष उकळूनही जात नाही. म्हणून पंप ओढ्यात, विहिरीजवळ कधीच धुऊ नका.

पिण्याचे पाणी गाळा, खळखळून उकळा, झाकून ठेवा आणि लांब दांडीच्या ओगराळ्यानेच काढा. लेकराला जुलाब लागले तर अंगावरचे दूध बंद करू नका. आशाताईकडून ओ.आर.एस. आणि झिंकच्या गोळ्या घ्या; जुलाब थांबले तरी झिंक १४ दिवस द्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट पाजा. डोळे खोल गेले, लघवी थांबली, लेकरू मलूल झाले किंवा शौचात रक्त दिसले, तर लगेच दवाखाना गाठा.

मात्र सारा भार घरच्या बाईवर का? पाण्यात टी.सी.एल. पावडर टाकणे हे ग्रामपंचायतीचे काम आहे. ओ.टी. चाचणीत पाणी पिवळसर झाले, तर त्यात क्लोरीन आहे असे समजा. ही चाचणी आपल्या वस्तीच्या शेवटच्या नळावर करायला जलसुरक्षकाला सांगा. आपल्या गावाला लाल, पिवळे की हिरवे कार्ड मिळाले, हे ग्रामसभेत विचारा. लाल म्हणजे धोका.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पाण्याला हात लावण्याचा हक्क त्यांनी मिळवून दिला. ते पाणी शुद्धही मिळावे, यासाठी आता आपण ग्रामसभेत उभे राहू या.