खोक्यावर 6000, स्क्रीनवर 4800: रॅमच्या वेगाचा घोळ

नवा डेस्कटॉप जोडला की एक तक्रार हमखास ऐकू येते: ‘रॅम 6000ची घेतली, टास्क मॅनेजर 4800च दाखवतोय. दुकानदारानं गंडवलं!’ कितीही वेळा समजावलं तरी ही समजूत काही जात नाही, आणि तिच्यापायी चांगला माल परत केला जातो. म्हणून एकदा नीट मांडतो.

गैरसमज: खोक्यावर छापलेला वेग रॅम बसवली की आपोआप मिळतो.

वस्तुस्थिती: मिळत नाही. रॅमचे प्रमाणित वेग जेडेक ही संस्था ठरवते. प्रत्येक स्टिकवर एक बारीक चिप असते आणि ती स्टिक कोणत्या वेगाला, किती व्होल्टवर चालते याच्या नोंदी तिच्यात असतात. बायॉस सुरुवातीला त्यातली प्रमाणित, सुरक्षित नोंद उचलतं. डीडीआर5-6000च्या बहुतेक किटमध्ये ती 4800ची, 1.1 व्होल्टची असते. 6000ची नोंद वेगळी असते आणि तिला बहुधा 1.35 व्होल्ट लागतात. ती बायॉसमध्ये जाऊन आपणच चालू करायची असते. इंटेलच्या पद्धतीत तिचं नाव एक्सएमपी, एएमडीच्या पद्धतीत एक्स्पो.

ती चालू केली म्हणजे 6000 मिळणारच, असंही धरून चालू नका. मेमरी कंट्रोलर आता प्रोसेसरच्या आत असतो आणि त्याला मर्यादा आहेत. रायझन 7000 मालिकेसाठी एएमडीनं जाहीर केलेला वेग दोन स्टिकना 5200 आहे, चार स्टिकना फक्त 3600. विश्वास बसत नसेल तर एएमडीच्या संकेतस्थळावर आपल्या प्रोसेसरचं पान उघडून पाहा. त्यापुढचा वेग कंपनीच्या लेखी ओव्हरक्लॉकिंग आहे. दोन स्टिक 6000ला सहसा चालतात. चार लावल्या की कंट्रोलरवरचा भार वाढतो आणि त्या वेगाला कॉम्प्युटर सुरूच न होण्याची किंवा मधूनच बंद पडण्याची शक्यता असते. 64 जीबी हवी असेल तर 16च्या चार घेण्याऐवजी 32च्या दोन घ्या.

मदरबोर्डही आडवा येतो. आय5-10400 हा प्रोसेसर बी460 किंवा एच410 चिपसेटच्या बोर्डावर लावला, तर 3200ची रॅम 2666लाच चालते. एक्सएमपीनंही तिथे काही होत नाही. अशा बोर्डासाठी महागडी रॅम गळ्यात मारणं चूकच, पण तिथेही रॅम खोटी नसते.

आता बाकीचे समज थोडक्यात.

‘वेगवेगळ्या वेगाच्या स्टिक एकत्र लावल्या तर जळतात.’ जळत नाहीत. जमलं तर सगळ्या सर्वांत मंद स्टिकच्या वेगानं चालतात. जमेलच याची हमी मात्र नसते.

‘डीडीआर5च्या स्लॉटमध्ये डीडीआर4 चालते.’ दोन्हींना 288 पिना असल्या तरी खाच वेगळ्या जागी असते. जोर लावू नका, स्लॉट तुटेल.

‘सीपीयू-झेड 3000 दाखवतं, म्हणजे रॅम अर्ध्याच वेगानं चालते.’ डीडीआर रॅम घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा डेटा पाठवते. 3000 मेगाहर्ट्‌झ म्हणजेच 6000.

‘आकडा मोठा म्हणजे रॅम वेगवान.’ सीएलही पाहा, म्हणजे डेटा द्यायला रॅम घड्याळाचे किती ठोके घेते तो आकडा. 3200 सीएल16 आणि 6000 सीएल30, दोन्हींचा विलंब 10 नॅनोसेकंद. 6000 सीएल40चा 13पेक्षा जास्त.

‘स्क्रीन काळीच राहिली, बोर्ड गेला.’ डीडीआर5 पहिल्यांदा बसवल्यावर बोर्ड मेमरीचं ट्रेनिंग करतो. त्याला काही मिनिटं लागतात. तेवढा वेळ पॉवर बंद करू नका.

खरेदीआधी मदरबोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या मॉडेलसाठी तपासलेल्या रॅमची यादी असते, तिच्यात आपलं किट शोधा. एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू केल्यावर मेमटेस्ट86 रात्रभर चालवा. एक जरी चूक दिसली तरी वेग एक पायरी खाली आणा. अस्थिर रॅम गुपचूप फायली बिघडवते, आणि हरवलेला डेटा कोणताही वेग परत आणून देत नाही.