प्रकल्प देखणा, पण गुण कशाचे?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात ठरलेली विचारणा सुरू होते: सहावीच्या प्रकल्पासाठी ग्रामपंचायतीचा तक्ता आहे का? सरपंच, ग्रामसभा, नळयोजना अशी चित्रं, एक कार्डशीट आणि चमकीचा पेन घेतला की काम झालं. चित्रं आई कापते, मथळे ताई लिहिते आणि बाईंचा शेरा येतो, ‘छान’. पंचायतीचं काम मुलाला कितपत कळलं, हे त्या शेऱ्यावरून कुणालाच सांगता येणार नाही.

याच दुखण्यावर उपाय म्हणून ‘अध्ययन निष्पत्ती’ आल्या. एनसीईआरटीने 2017 मध्ये प्राथमिक स्तरासाठी त्यांची यादी काढली, त्याच वर्षी शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांतही त्यांना जागा मिळाली. बालभारतीच्या पुस्तकांत त्या पहिल्या काही पानांवरच छापलेल्या असतात. बहुतेक जण ती पानं उलटून थेट धड्याकडे जातात. सहावीची एक निष्पत्ती साधारण अशी आहे: ग्रामीण व शहरी स्थानिक शासनसंस्था आरोग्य, शिक्षण अशा क्षेत्रांत कसं काम करतात, याचं वर्णन विद्यार्थ्याला करता यावं. सगळी मेख ‘कसं काम करतात’ यात आहे. पंचायतीत 7 ते 17 सदस्य असतात, हे पाठ करून ही निष्पत्ती साध्य होत नाही.

मग प्रकल्प कसा द्यावा? ‘ग्रामपंचायतीची माहिती लिहा’ असं सांगितलं की मूल पुस्तकातला उतारा उतरवणारच. त्याऐवजी असं सांगून पाहा: ‘आपल्या वस्तीत डेंग्यूचे रुग्ण वाढलेत. पंचायत काय करू शकते आणि कोणतं काम तिच्या हातात नाही? एखाद्या सदस्याशी किंवा आशाताईंशी बोलून एक पान लिहा.’

आता समजा दोन वह्या समोर आल्या. पहिलीत मोत्यासारख्या अक्षरात लिहिलंय, ‘ग्रामपंचायत गावाची स्वच्छता राखते व आरोग्याची काळजी घेते.’ दुसरीत अनुस्वार गळालेत, पण मजकूर असा: ‘आमच्या आळीतलं गटार तुंबलंय. ते साफ करणं आणि फवारणी पंचायतीकडे. ताप आला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं, ते जिल्हा परिषदेचं.’ पहिलीतलं वाक्य कुठल्याही गावाला चालेल. दुसऱ्या मुलाला कोणतं काम कोणाचं, हे उमगलंय, म्हणून गुण त्याला जास्त. अनुस्वारांचा हिशेब मराठीच्या तासाला होईल.

तपासताना निकष तीनच पुरेत: काम कोणाचं हे अचूक सांगितलं का, आपल्या गावातलं उदाहरण दिलं का, माहिती कोणाकडून मिळाली ते नोंदवलं का. सजावटीला शून्य गुण, आणि हे प्रकल्प देतानाच सांगायचं.

राज्यात 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झालं. त्यानुसार पाचवी-सहावीला निम्मे गुण आकारिक मूल्यमापनाचे, म्हणजे तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय यांचे. सातवी-आठवीला शंभरातले 40. एवढे गुण शिक्षकाच्या हाती असतात, तरी वर्णनात्मक नोंदींच्या तयार पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात आणि ‘नकाशावाचन आवडीने करतो’ हे एकच वाक्य अर्ध्या वर्गाच्या नावापुढे उतरतं. शिक्षकांना तरी किती बोल लावायचा? निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं यांतून उरलेल्या वेळात तपासणी होते. त्यात अलीकडच्या राज्यस्तरीय नियतकालिक चाचण्यांचा भर भाषा, गणित आणि इंग्रजीवर. इतिहासाच्या पुस्तकात मागच्या पानांवर बसलेलं नागरिकशास्त्र इथेही मागेच राहतं.

तरीही सत्रभरात पाच तक्ते गोळा करण्यापेक्षा एकच प्रकल्प नीट निकष लावून तपासणं वेळेच्या हिशेबानेही परवडतं.

पालकांना एकच विनंती: पुढच्या वेळी पाल्याला प्रकल्प मिळाला की दुकानाकडे धाव घेण्याआधी शाळेत विचारा, याला गुण कशाचे आहेत?