दसऱ्याची पूजा आणि मृगाची परीक्षा

मृग नक्षत्र जवळ आले की आमच्या गोमंतकात घराची कौले परतली जातात, आमसुले, मीठ, सुकी मासळी यांची बेगमी होते. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले हे शहाणपण अंगणात उभ्या असलेल्या मोटारीच्या वाट्याला मात्र क्वचितच येते.

दसऱ्याला तिला झेंडूची माळ चढते, नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते. या श्रद्धेची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. अवजाराची पूजा करणाऱ्याने अवजाराची निगाही राखावी, हाच त्या पूजेचा अर्थ होय. परंतु ज्या चाकाखाली आपण लिंबू ठेवतो, त्या चाकाचा टायर गोटा झाला आहे की काय, हे वाकून पाहणारे किती?

मोटार कितीही भारी असो, तिचा रस्त्याशी संबंध येतो तो चार तळहातांएवढ्या जागेपुरता. टायरवरची नक्षी शोभेसाठी नव्हे. चाकाखालचे पाणी बाहेर लोटणारे ते पाट आहेत. ते झिजले की भर पावसात चाक पाण्याच्या थरावर तरंगू लागते. मग स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही आणि ब्रेक दाबूनही थांबत नाही. मोटारीच्या टायरवरील नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी होता कामा नये. ही मर्यादा ओळखता यावी म्हणून त्या पाटांतच रबराचे छोटे उंचवटे ठेवलेले असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीस येण्यापूर्वीच टायर बदललेला बरा. हवा महिन्यातून एकदा, चाके थंड असताना तपासावी. तिचा योग्य आकडा बहुधा चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीवर असतो. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा होय, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

ब्रेकच्या तेलाची गोष्ट याहून नाजूक आहे. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि आमच्या किनाऱ्यावरील हवेत ओलाव्याला तोटा नाही. ओलावा मुरला की ते तेल कमी उष्णतेवरच उकळू लागते. चोर्ला किंवा अनमोड घाट सतत ब्रेक दाबून उतरणाऱ्याचे पेडल अशा वेळी एकाएकी पोकळ लागते. म्हणून साधारण दोन वर्षांनी हे तेल बदलावे, आणि घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम पाळावा.

वायपरकडे तर पहिली सर येईपर्यंत कोणाचे लक्षच जात नाही. न्यूयॉर्कमध्ये बर्फ पडत असताना ट्रामच्या चालकाची काच पुसताना होणारी तारांबळ पाहून मेरी अँडरसन या अमेरिकन बाईंना हे साधन सुचले. १९०३ साली त्यांनी त्याचे पेटंट घेतले. आमच्याकडे तेच साधन आठ महिने उन्हात तापते, त्याचे रबर कडक होते आणि पावसात ते काच पुसण्याऐवजी सारवते. रबराच्या त्या पट्टीचा खर्च तो काय!

खाऱ्या वाऱ्याने चढणारा गंज हा तर आमचा नित्याचा शेजारी. किनाऱ्यालगत वावरणाऱ्या गाडीचा तळ अधूनमधून गोड्या पाण्याने धुवावा. गंजाकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, हे गोमंतकाने पाहिले आहे. १९७० साली खुला झालेला मांडवीवरील नेहरू पूल ५ जुलै १९८६ रोजी, ऐन पावसाळ्यात, कोसळला. त्याच्या पोलादास लागलेला गंज हे त्याचे एक प्रमुख कारण होते. निगा नसलेली वस्तू मोडते एका दिवशी, पण झिजत असते ती रोज.

रस्त्यांवरील खड्डे सरकारने बुजवावेत, ही मागणी आम्ही करीतच राहू. परंतु झिजलेल्या टायरचा जाब सरकारला विचारता येणार नाही. घसरलेली गाडी केवळ मालकाचे नुकसान करून थांबत नाही. शाळेतून भिजत घरी निघालेले पोर आणि रस्त्याच्या कडेने पाटी घेऊन चाललेली मासळीवाली यांचाही जीव त्या चार तळहातांवर अवलंबून असतो. कौले परतून झाली असतील, तर एक तास गाडीसाठीही काढावा, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.