पाडव्याची मुलाखत

नोकरीची मुलाखत म्हटली की आपल्या मध्यमवर्गीय डोळ्यांपुढे ठराविक चित्र उभे राहते. इस्त्रीचे कपडे, प्रमाणपत्रांची फाईल, टेबलापलीकडे बसलेले तीन गंभीर चेहरे. परंतु मराठवाड्यात आणि विदर्भात दरवर्षी गुढीपाडव्याच्या आगेमागे गावोगावी ज्या मुलाखती होतात त्यांत टेबल नसते, अर्ज नसतो, कित्येकदा बसायला घोंगडेही नसते. निकाल मात्र तिथल्या तिथे लागतो, आणि तो पुढच्या पाडव्यापर्यंत दोन्ही पक्षांना पाळावा लागतो. ही मुलाखत सालगड्याची.

हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांना हा विषय परका नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मराठवाडा आणि हैदराबाद एकाच राज्यात होते. नोकरीसाठी, वकिलीसाठी, शिक्षणासाठी जी घराणी इकडे आली त्यांतील अनेकांची परभणी, नांदेड, बीडकडील जमीन सुटली नाही. मालक शहरात आणि जमीन गावी, अशा घरांची शेती चालते ती सालगड्याच्या जिवावर. तरीही दिवाणखान्यात आपण पावसाविषयी बोलतो, कापसाच्या भावाविषयी बोलतो. ज्याच्या हाती सारे शिवार सोपवले त्याला आपण निवडले कसे, आणि त्याने आपल्याला का पत्करले, याविषयी क्वचितच बोलतो.

साल पाडव्यालाच का धरतात, यामागे पंचांगापेक्षा शेतीचे कारण मोठे आहे. रब्बीची खळी तोवर उरकलेली असतात, धान्य घरात आलेले असते, रान मोकळे असते आणि मृगापूर्वीची नांगरट व वखरणी अद्याप व्हायची असते. जुना हिशेब मिटवून नवा माणूस जोडायला वर्षात याहून सोयीचा आठवडा नाही. खानदेशात हेच काम अक्षय्यतृतीयेला, म्हणजे तिथल्या आखाजीला होते, आणि तिकडे सालगड्याला सालदार म्हणतात. नाव आणि तिथी बदलली तरी व्यवहार एकच.

बोलणे सुरू होते ते असे :

“कोणाकडं होतास?”

“वरच्या आळीला पाटलाकडं. दोन सालं केली.”

“मग सोडलं कशामुळं?”

“त्यांनी बैलं विकली, ट्रॅक्टर घेतलं. गड्याला काम राहिलं न्हाई.”

कचेरीत ‘आधीची नोकरी का सोडली’ असे विचारतात, तोच हा प्रश्न. शहाणा गडी जुन्या मालकाची निंदा करीत नाही, कारण संध्याकाळपर्यंत नवा मालक जुन्याला पारावर गाठून चौकशी करणारच हे त्याला ठाऊक असते. जुना मालक सहसा खरे सांगतो. खोटी शिफारस गावात दोन महिन्यांत उघडी पडते.

दुसरा प्रश्न विचारला जात नाही, पाहिला जातो. मालक बोलता बोलता उठतो आणि गोठ्याकडे चालू लागतो. गडी मागोमाग येतो. तो बैलाजवळ समोरून जातो की मागून, अंगावर हात फिरवतो की थेट वेसणीला धरतो, दाव्याची गाठ कशी सोडतो, यावरून जाणत्याला जे कळायचे ते कळते. मुरलेला गडी विचारतो, “यातला उजवा कोणता?” जोडीतला प्रत्येक बैल जोखडाच्या आपल्या बाजूला सवकलेला असतो, बाजू बदलली की औत सरळ चालत नाही. ज्याने हा प्रश्न विचारला त्याची निम्मी मुलाखत संपली असे समजावे. पूर्वी याच्या जोडीला वखराचे एखादे तास मारायला लावीत. आज विजेच्या मोटारीचा स्टार्टर, फवारणीचा पंप आणि ठिबकच्या नळ्या यांची माहिती विचारतात. ट्रॅक्टर येत असेल तर भाव वेगळा.

पहिल्यांदाच साल धरणाऱ्या तरुणाची गोष्ट अवघड असते. पूर्वी पोरगे दहा-बारा वर्षांचे झाले की बाप त्याला गुरे राखायला मालकाकडे आणून सोडी. सारे बोलणे बापच करी आणि पोरगे खांबाला टेकून उभे राही. चौदा वर्षांखालील मुलाला असे मजुरीला ठेवणे आता कायद्याने गुन्हा आहे, आणि ते योग्यच झाले. आजचा नवखा गडी अठरा-वीस वर्षांचा असतो, चार इयत्ता शिकलेला असतो आणि स्वतःच बोलतो. त्याने काय सांगावे? माझ्या मते, जे येते ते आणि जे येत नाही तेही. “फवारा मारतो, दारं धरतो, औत अजून सरळ चालत न्हाई,” असे म्हणणाऱ्या पोराला शिकवायला कोणताही समंजस शेतकरी तयार होतो. सारे येते म्हणणाऱ्याचे पितळ मृगाच्या पहिल्या पेरणीत उघडे पडते, आणि चुकलेली पेरणी त्या हंगामात दुरुस्त होत नाही.

या मुलाखतीची दुसरी बाजू आपल्याला दिसत नाही, कारण ती मुक्याने चालते. मालक गड्याचे हात पाहत असतो तेव्हा गडी मालकाची गव्हाण पाहत असतो. कडब्याची गंज केवढी उरली आहे, बैलांच्या बरगड्या मोजता येतात काय, दावी नवी आहेत की गाठी मारून चालवलेली, हे तो एका नजरेत टिपतो. ज्याच्या घरी बैल उपाशी त्याच्या घरी गडी तुपाशी असणार नाही, हे त्याला सांगावे लागत नाही. आखाड्यावर राहायची जागा पक्की आहे की पत्र्याचा आडोसा, विहीर किती लांब, मालकाच्या तोंडात शिवी किती, गेल्या पाच सालांत किती गडी बदलले, याची चौकशी त्याने आधीच केलेली असते. जिथे दर पाडव्याला नवा गडी लागतो तिथे दोष गड्याचा नसतो, एवढे साधे अनुमान तो काढतो.

मग येतो तो प्रश्न, “घरी माणसं किती?” वरवर पाहता ही आपुलकीची विचारपूस. वस्तुतः हा हिशेब असतो. गड्याबरोबर त्याची बायको येईल, ती गोठा झाडील, शेण काढील, मालकिणीला धुण्याभांड्यांत हातभार लावील, आणि हे सारे गड्याच्या सालातच धरले जाईल, अशी मूक अपेक्षा त्यात असते. बोलणी दोन पुरुषांमध्ये होतात आणि कामाला बांधली जाते तिसरी, जी तिथे हजरही नसते. खुरपणीच्या दिवसांत तिला बाहेर रोज मिळत असतो. तो बुडवून तिने आखाड्यावर राबायचे की नाही हे तिला कोणी विचारीत नाही. या एका बाबतीत मला आपल्या सुशिक्षित घरांचाही फारसा अभिमान वाटत नाही. तिचे काम हवे असेल तर त्याचा वेगळा मोबदला त्याच बैठकीत ठरवावा, आणि तोही तिच्या समक्ष.

आता पैसा. साल किती, हे विचारण्याआधी गडी बहुधा विचारतो, “उचल किती द्याल?” खरा गुंता या शब्दात आहे. साल संपताना गड्याच्या अंगावर जुन्या मालकाची बाकी राहिलेली असते. लग्न, दवाखाना, घरावरचे पत्रे, कशाची तरी. नवा मालक उचल देतो, त्यातून जुन्याची फेड होते आणि माणूस या आखाड्यावरून त्या आखाड्यावर जातो. कागदावर त्याने नोकरी बदलली. प्रत्यक्षात त्याचे देणे एका हातातून दुसऱ्या हातात गेले. अशा मुलाखतीत ‘मला हे काम नको’ असे म्हणण्याची सोय गड्याकडे उरत नाही, आणि जिला नकार देता येत नाही ती मुलाखतच नव्हे.

निजामी राज्यात या बांधिलकीला भगेला म्हणत. तिचे नियमन करण्यासाठी १९४३ साली हैदराबाद संस्थानाने कायदाही केला होता. दक्षिण गुजरातेत हाळी, कर्नाटकात जीत, तेलुगू मुलखात पालेरू. बडोद्याच्या आणि बेळगावच्या वाचकांनाही आपापल्या भागातले शब्द आठवतील. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी माणूस आयुष्यभर, आणि मागून त्याचा मुलगा, एकाच दारात राबत राही. १९७५ च्या ऑक्टोबरात वटहुकूम निघाला आणि १९७६ मध्ये वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला. त्याच्या व्याख्येत अशा प्रथांची देशभरातली नावे एकामागोमाग एक दिली आहेत. त्यांत भगेला आहे, जीत आहे, पालेरूही आहे. उचल देणे त्या कायद्याने गुन्हा ठरवलेले नाही. पण उचलीच्या बदल्यात माणसाचे दुसरीकडे काम करण्याचे, मनाला येईल तिथे जाण्याचे किंवा किमान वेतन मिळवण्याचे स्वातंत्र्य गहाण पडले, तर ती वेठबिगारी होय. ते कर्ज मग रद्द समजले जाते. आणि कर्ज वेठबिगारीचे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार मजुरावर नव्हे, धनकोवर असतो. पुढे १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनाहून कमी पैशांत राबवणे हीच राज्यघटनेच्या २३ व्या कलमात निषिद्ध मानलेली सक्तीची मजुरी. शहरात बसून गावी साल ठरवणाऱ्या प्रत्येकाने हे माहीत करून घ्यावे.

साल आणि रोज यांतला फरकही आकड्यांनी पाहिला पाहिजे. समजा, साल १,०९,५०० रुपयांना ठरले. वर्षाच्या ३६५ दिवसांनी भागले तर दिवसाचे ३०० पडतात. गडी आजारी पडून दहा दिवस आला नाही, म्हणजे दहा खाडे झाले. मालक त्या दिवसांसाठी रोजंदारीचा माणूस लावतो आणि त्याचा रोज, समजा ४०० रुपये, गड्याच्या नावे मांडतो. गड्याने दहा दिवसांचे कमावले असते ३,०००, कापले गेले ४,०००. असे खाडे सालभर साठत जातात आणि पाडव्याला बाकी निघते ती यातूनच. म्हणून खाड्याचा दर काय, आजारपणाच्या आणि सणाच्या किती सुट्या बिनखाड्याच्या, हे बैठकीतच बोलले गेले पाहिजे. नवख्या पोराला हे विचारण्याचा धीर नसेल तर मालकाने आपण होऊन सांगावे.

फवारणीचेही तसेच. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकड्यांनी माणसे रुग्णालयात पडली. उंच वाढलेल्या कपाशीत डोक्याइतक्या उंचीवर फवारा मारायचा, अंगावर साधा सदरा, तोंडाला रुमाल आणि वाऱ्याची दिशा कोणी पाहिलेली नाही, अशा रीतीने ते काम होत असे, आणि अनेक ठिकाणी अजून होते. हातमोजे, तोंडावरचे आच्छादन, निराळे कपडे, काम झाल्यावर अंघोळीला साबण व पाणी, या वस्तू कोण पुरवणार हे विचारणारा गडी अवघड नसतो. जपून वागणारा असतो, आणि तो औषधही जपूनच वापरील.

आम्ही आमच्या घरी काही वर्षांपासून साधी चिठ्ठी लिहितो. सालाची रक्कम, दिलेली उचल, दर महिन्याला हाती द्यायचे पैसे, धान्य किती, कपडे व वहाणा कोणत्या, सुट्या किती, खाड्याचा दर, मधेच साल मोडले तर हिशेब कसा, एवढेच. दोन प्रती करायच्या, मोठ्याने वाचून दाखवायच्या, एक त्याने ठेवायची. सालाचा आकडा शासनाने जाहीर केलेल्या शेतमजुरीच्या किमान दराशी ताडून पाहायचा. जाणत्या मंडळींना याचे हसू येते. “गड्यासंगं कागद कशाला, जबान हाय की!” असे ते म्हणतात. जबान दोघांचीही असते हे खरे, पण चावडीवर एकाचीच ऐकली जाते.

असो. काळ मात्र गड्याच्या बाजूने थोडा सरकला आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर कामे निघाली, वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमीला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले, आणि मालकाच्या दाराखेरीज मजुरीचे आणखी एक दार उघडले. त्यानंतर शहरातली बांधकामे आली, कारखाने आले. गेल्या काही वर्षांत सालगड्याचा भाव लाखावर गेल्याच्या बातम्या पाडव्याच्या सुमारास वृत्तपत्रांत येतात, त्यावर बागायतदार हळहळतात, आणि गडी मिळत नाही अशी तक्रार होते. कित्येक ठिकाणी आता मालकच संध्याकाळी वस्तीवर जाऊन बसतो आणि मुलाखत उलट्या बाजूने चालते.

अशाच एका बैठकीची हकिगत गावाकडून कानी आली. पंचविशीतला गडी, पहिलेच साल. त्याने पैशाची गोष्ट काढण्याआधी तीन प्रश्न विचारले. पिकाला पाणी रात्रीच्या विजेवर द्यावे लागते का? असेल तर विजेरी आणि गुडघ्यापर्यंतचे बूट कोण देणार? आणि आखाड्यावर मोबाईलला रेंज येते का? शेवटच्या प्रश्नावर जमलेले हसले. पोराला सिनेमे पाहायचे असतील असे कुणी म्हणाले. तो शांतपणे म्हणाला, “रातीला पान लागलं तर एकशेआठची गाडी बोलवायची कशी?” साप चावला असे तिकडे म्हणत नाहीत, पान लागले म्हणतात. मालकाने त्याला बरोबर घेतले, आखाड्याच्या मागे विहिरीच्या काठावर जिथे रेंज येते ती जागा दाखवली, आणि मग दोघे सालाच्या आकड्याकडे वळले.