परतीची वाट: पश्चात्ताप कसा घडतो, कुठे अडतो

'पश्चात्ताप' या शब्दाची फोड केली तर पश्चात् आणि ताप असे दोन शब्द हाती येतात: नंतर होणारी होरपळ. मराठी बायबलने हाच शब्द घेतला. मूळ भाषांतले शब्द मात्र याहून पुढे जातात. हिब्रूतला 'शूव' म्हणजे वळणे, परत येणे. ग्रीकमधला 'मेटानोइया' म्हणजे मन पालटणे. होरपळ ही नुसती सुरुवात आहे. पावले घराकडे वळली की ख्रिस्ती पश्चात्ताप खरा ठरतो. ती कशी वळतात, हे आपण एकेका पायरीने पाहू.

सोबतीला लूकच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला घेऊ. दाखला म्हणजे येशूने शिकवण देण्यासाठी सांगितलेली गोष्ट. धाकटा मुलगा बाप जिवंत असतानाच आपला वाटा मागून घेतो आणि दूर देशी जाऊन तो उडवतो. मग दुष्काळ पडतो. डुकरे राखण्याची पाळी येते आणि डुकरांच्या शेंगा तरी खायला मिळाव्यात असे त्याला वाटू लागते. डुक्कर निषिद्ध मानणाऱ्या यहुदी श्रोत्यांना ही अधोगती किती खोल आहे, हे वेगळे सांगावे लागले नसेल.

पहिली पायरी भानावर येण्याची. यालाच आत्मपरीक्षण म्हणतात, म्हणजे आपल्या वागण्याकडे देवासमोर प्रामाणिकपणे पाहणे. रात्री निजण्यापूर्वी दहा मिनिटे शांत बसावे, दहा आज्ञा एकेक करून आठवाव्यात आणि दिवस तपासावा. इथे चूक होते ती मोघमपणाची. 'मी पापी आहे' असे म्हणणे सोपे असते. 'भावाच्या हिश्शाबद्दल मी खोटे बोललो' असे म्हणणे जड जाते. चुकीला तिच्या नावाने ओळखले, तरच तिच्यापासून वळता येते.

दुसरी पायरी दुःखाची. इथे वाट फुटते, म्हणून जरा थांबून पाहू. येशूला पकडले त्या रात्री त्याचे दोन शिष्य चुकले. यहूदाने चांदीच्या 30 नाण्यांसाठी त्याला शत्रूंच्या हाती दिले. पेत्राने तीनदा त्याची ओळख नाकारली. दोघांनाही दुःख झाले. यहूदाने तर पैसेही परत केले, पण तो एकटाच अंधारात गेला आणि त्याने जीव दिला. पेत्र रडला आणि इतर शिष्यांमध्ये राहिला. पुढे येशूने तीनदा प्रेमाबद्दल विचारून त्याला पुन्हा उभे केले.

तेव्हा दुःखाची खूण ओळखायला शिकावे. जे दुःख आपल्याला देवाकडे आणि माणसांकडे नेते, ते पश्चात्तापाचे. जे कोंडून घालते आणि 'आता माझे काही उरले नाही' असे सांगत राहते, ते निराशेचे. असे दुःख दाटून आले तर एकट्याने सोसू नये. धर्मगुरू, डॉक्टर किंवा घरचे जवळचे माणूस, कुणाला तरी त्याच दिवशी सांगावे.

तिसरी पायरी निश्चयाची. दाखल्यातला मुलगा मनाशी ठरवतो आणि उठतो. 'यापुढे चांगला वागेन' हा निश्चय फार काळ टिकत नाही, कारण त्यात करण्याजोगे काही नसते. दारू सोडायची असेल तर कोणत्या वाटेने घरी यायचे आणि संध्याकाळी कुणासोबत बसायचे, हेही ठरवावे लागते.

चौथी पायरी कबुलीची. कॅथलिक पंथात ती धर्मगुरूसमोर दिली जाते. या विधीला प्रायश्चित्त संस्कार म्हणतात. गोव्याच्या कोकणीत 'कुमसार' हा शब्द आहे. वर्षातून निदान एकदा कबुली द्यावी, असा नियम 1215 मध्ये चौथ्या लॅटरन धर्मसभेने केला. ऐकलेले कुणालाही सांगण्याची धर्मगुरूला सक्त मनाई असते, हे ठाऊक असले की पहिल्यांदा जाणाऱ्याची भीती पुष्कळ कमी होते. प्रॉटेस्टंट मंडळी थेट देवाजवळ कबुली देतात आणि उपासनेतही ती सर्व मिळून करतात. दोन्हीकडे धोका एकच: 'पण' हा शब्द. 'मी चुकलो, पण त्यानेही...' असे वाक्य सुरू झाले की कबुलीची तक्रार होते.

पाचवी पायरी भरपाईची आणि सर्वांत जास्त वेळा गाळली जाणारी. यरीहोचा जकातदार जक्कय येशूला भेटल्यावर नुसता हळहळला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट, असे त्याने सांगितले. मोशेच्या नियमशास्त्रात, चूक कबूल करणाऱ्याने मूळ रकमेवर पाचवा हिस्सा अधिक द्यावा असे होते. जक्कय त्याच्या कितीतरी पुढे गेला. शेजाऱ्याचे देणे शेजाऱ्यालाच द्यावे लागते. देवाजवळ रडून ते फिटत नाही. वेदीपाशी अर्पण आणले असताना रुसलेला भाऊ आठवला, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करावा, अशी येशूची शिकवण आहे.

सहावी पायरी क्षमा स्वीकारण्याची. ती सोपी वाटते, पण पुष्कळांचे पाऊल इथेच अडते. मुलाने निघण्याआधीच बोलणे तयार केले होते: मी पाप केले, मी पुत्र म्हणवून घ्यायला लायक नाही, मला मजूर म्हणून ठेवा. पहिली दोन वाक्ये तो बोलतो. तिसऱ्याआधीच बाप झगा, अंगठी आणि जोडे आणायला सांगतो. मजुरीचा विषय निघतच नाही. क्षमा मिळूनही जे वर्षानुवर्षे स्वतःला मजुरासारखे वागवतात, त्यांनी हे न बोललेले वाक्य ध्यानात ठेवावे.

आणि पुन्हा घसरलो तर? पुन्हा पहिल्या पायरीवर यावे. 1517 मध्ये मार्टिन ल्यूथरने मांडलेल्या 95 विधानांपैकी पहिलेच असे आहे की, विश्वासणाऱ्याचे सारे आयुष्य पश्चात्तापाचे असावे. चर्चनेही दरवर्षी त्यासाठी काळ राखला आहे. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून तो सुरू होतो आणि रविवार सोडून 40 दिवस चालतो. ही राख आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून करतात.

म्हणून आधी नीटनेटके होऊ आणि मग देवाकडे जाऊ, असे म्हणून थांबू नका. एका चुकीचे नाव घ्या, जिचे किंवा ज्याचे देणे आहे त्या माणसाकडे जा आणि निघा. त्या मुलाला नवा झगा मिळाला तो घरी पोहोचल्यावर. तो निघाला होता अंगावरच्या कपड्यांनिशी.