पाण्यातील प्रगतीचे मोजमाप

"काही फरक पडतो आहे का हो?" जलोपचाराच्या हौदाकाठी टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या आईचा हा प्रश्न दिसावयास साधा असला, तरी त्याचे प्रामाणिक उत्तर देणे हे या उपचारातील सर्वांत अवघड काम आहे. मूल पाण्यात उतरले की हसते, हातपाय मारू लागते, जमिनीवर हट्टाने आखडून बसणारे अंग तेथे सैल पडते. आणि हे दृश्य इतके सुखकारक असते की प्रगती झाल्याचा निर्वाळा पाहणाऱ्याला तत्काळ द्यावासा वाटतो. परंतु त्या दृश्यात पाण्याचे कर्तृत्व किती आणि मुलाचे किती, याची फोड केल्यावाचून दिलेला निर्वाळा मुलाच्या काही उपयोगी पडत नाही. रजा काढून, रिक्षाचे भाडे भरून, आठ-नऊ वर्षांचे मूल उचलून आणणाऱ्या कुटुंबाला दिलाशाखेरीज आणखी काही, म्हणजे तारीखवार लिहिलेला हिशेब, मिळावयास हवा असे मला मनापासून वाटते.

पाण्याचे कर्तृत्व तरी केवढे, हे आधी पाहू. विहिरीतून ओढलेली भरली घागर पाण्यात असेपर्यंत हाताला हलकी लागते आणि पृष्ठभागाच्या वर येताच तिचे खरे ओझे कळते, हा अनुभव खेड्यात वाढलेल्या कोणालाही आहे. मनुष्यदेहाचेही तसेच आहे. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले असता पायांवर वजनाचा सुमारे निम्मा भार येतो, छातीच्या खालच्या टोकापर्यंतच्या पाण्यात सुमारे एकतृतीयांश, आणि मानेपर्यंत बुडाल्यावर जेमतेम एकदशांश. तेव्हा जमिनीवर क्षणभरही उभे न राहू शकणारे मूल छातीभर पाण्यात उभे राहिले, तर ती घटना आनंदाची खरीच. पण त्यातील दोनतृतीयांश भार पाण्याने उचललेला आहे, याची नोंद शेजारी असावयासच हवी. त्याच पाण्याचा दाब छातीवर चहूकडून पडतो, म्हणून श्वास आत घ्यावयास अधिक बळ लागते. आणि उपचाराचे पाणी साधारण ३३ ते ३५ अंश सेल्सिअस इतके कोमट राखलेले असते, म्हणून ताठरलेले स्नायू काही काळ सैलावतात. यांतले काही मूल करीत असते आणि काही त्याच्या बाबतीत आपोआप घडत असते. मोजणाराने या दोहोंचे तारतम्य कधीही सोडू नये.

हे तारतम्य ज्याने शास्त्रशुद्ध रीतीने मांडले तो मनुष्य वैद्य नव्हता, ही गोष्ट लक्षणीय आहे. जेम्स मॅकमिलन हे द्रवयंत्रशास्त्र जाणणारे इंग्रज अभियंते. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ च्या सुमारास, लंडनच्या उत्तर भागातील हॅलिविक या अपंग मुलींच्या शाळेत त्यांनी मुलींना पोहणे शिकविण्यास आरंभ केला. तरंगणाऱ्या वस्तूवर गुरुत्वाकर्षण आणि उत्प्लावन या दोन प्रेरणा एका रेषेत आल्या नाहीत, तर ती वस्तू फिरू लागते, हा नौकाशास्त्रातील नियम त्यांना ठाऊक होता. आणि ज्या मुलीच्या देहाची उजवी-डावी बाजू सारखी नाही तिचे पाण्यात एका अंगाकडे कलंडणे हा त्याच नियमाचा परिणाम आहे, हे त्यांनी ओळखले. त्यातून पुढे हॅलिविक पद्धतीचा दहा कलमांचा क्रम सिद्ध झाला. त्यात फुगवलेली चाके, दंडाच्या पिशव्या असल्या तरंगत्या साधनांना स्थान नाही. प्रत्येक मुलामागे एक शिक्षक पाण्यात उभा असतो आणि शिक्षण गटाने, गाण्यांतून व खेळांतून चालते. आपल्याकडील सार्वजनिक तलावांत मुलाच्या दंडांना हवेच्या पिशव्या चढवून त्याला सोडून देण्याची रूढी आहे. मला ती घातक वाटते. कारण त्या पिशव्या मुलाला वर ठेवतात खऱ्या, परंतु कलंडल्यावर स्वतः सावरण्याची त्याची विद्या त्याला शिकू देत नाहीत.

दहा कलमांपैकी पहिले कलम म्हणजे पाण्याशी मनाची जुळणी, आणि तिची पहिली खूण म्हणजे श्वास. पाणी तोंडापाशी आले की पाण्याशी अपरिचित मूल श्वास रोखते, मान मागे टाकते, हाताच्या मुठी आवळते. शिक्षिका त्याच्यासमोर हनुवटी पाण्याशी टेकवून हलकेच फुंकर घालते, पाण्यावर वळी उठते, मूल पाहत राहते. आणि पुढे कधी तरी तेही ओठांचा चंबू करून फुंकर घालते. पाणी जवळ येताच श्वास बाहेर सोडण्याची ही सवय अंगी बाणली की गटांगळ्या खाण्याची भीती कमी होते, आणि भीती कमी झाल्यावाचून पुढच्या कलमांना हात घालण्यात अर्थ नसतो. त्यानंतर देहाचे फिरणे येते: उताणे असताना उभे होणे आणि पुन्हा उताणे होणे, उभ्याने बाजूकडे झुकून सावरणे, पालथे पडल्यास स्वतःच्या लांबीभोवती वळून तोंड वर आणणे, आणि या हालचालींचा संयोग. पोहण्याचा हात मारणे हे अगदी शेवटचे कलम आहे. एखाद्या मुलाने दोन वर्षांत एकही हात मारला नाही, पण पालथे पडल्यावर वळून श्वास घेणे त्याला साधले, तर तो जीव वाचविणारी विद्या शिकला; आणि ज्या तक्त्यात याला गुण नाहीत तो तक्ता टाकाऊ समजावा.

सुदैवाने असे गुण देणारे तक्ते आज उपलब्ध आहेत. जेरुसलेम येथील ॲलिन या बालपुनर्वसन रुग्णालयात हॅलिविक क्रमाच्या आधारे दोन कसोट्या तयार झाल्या व रूथी तिरोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांची विश्वसनीयता पडताळून २००८ साली प्रसिद्ध केली. 'वोटा' या संक्षिप्त नावाने त्या ओळखल्या जातात. ज्या मुलाला सूचना समजत नाहीत त्याच्यासाठी तेरा बाबींची पहिली कसोटी. ज्याला साध्या सूचना कळतात त्याच्यासाठी सत्तावीस बाबींची दुसरी. दुसरीत प्रत्येक बाबीला शून्य ते तीन असे गुण असून एकूण बेरीज ८१ पर्यंत जाते. ही विभागणी मला विशेष न्याय्य वाटते. जे मूल "फुंकर घाल" ही आज्ञा समजू शकत नाही, त्याला आज्ञापालनाच्या परीक्षेला बसवून शून्य देणे म्हणजे त्याच्याविषयी काहीच न लिहिणे होय. तेच मूल पाण्यात उतरताना रडते की शांत राहते, शिक्षिकेला घट्ट कवटाळते की एका हाताने धरते, तोंडावर पाणी आल्यास काय करते, हे पाहिले तर लिहिण्याजोगे पुष्कळ सापडते.

या सर्व बाबींच्या मुळाशी एकच राशी आहे, आणि ती म्हणजे उपचारकाच्या हाताचा आधार. उताण्या तरंगणाऱ्या मुलाच्या पाठीखाली प्रथम दोन्ही तळहात सपाट असतात. मग ते कमरेच्या हाडापाशी येतात. मग एकच तळहात. मग दोन बोटे. आणि अखेर हात पाण्यातच, परंतु देहापासून विलग. "ताई, सोडू नकोस हं," असे म्हणणाऱ्या मुलाचे अंग तळहाताला जड लागते, आणि विश्वास बसू लागला की तेच अंग हलके होत जाते, हे उपचारकाला कोणत्याही उपकरणावाचून कळते. पण कळलेले ते कागदावर उतरावयास हवे. 'उताणे तरंगतो' एवढ्या नोंदीला किंमत नाही. 'दोन बोटांच्या आधाराने, कान पाण्यात, दहा सेकंद उताणा राहतो' ही नोंद तीन महिन्यांनी दुसऱ्या उपचारकाच्या हाती पडली, तरी त्याला पुढचे पाऊल कोठून टाकावे हे कळेल. शक्य असेल तेथे मोजणारी व्यक्ती शिकविणाऱ्याहून निराळी असावी, कारण प्रेमाने शिकविणाऱ्याचा हात नकळत थोडा अधिक वर उचलतो.

पाण्यात जमले ते जमिनीवर उतरले का, हा यापुढचा आणि अधिक कठोर प्रश्न. त्यासाठी कॅनडात १९८९ साली प्रसिद्ध झालेले 'ग्रॉस मोटर फंक्शन मेझर' हे मापन वापरतात. मूळच्या ८८ बाबींत लोळणे, बसणे, रांगणे, उभे राहणे, चालणे-धावणे-उडी मारणे असा क्रम आहे, आणि ६६ बाबींची आटोपशीर आवृत्ती नंतर निघाली. तैवानमध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या २४ मुलांवर केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला, तो या संदर्भात मननीय आहे. त्यातील एका गटाला बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा जलोपचार दिला. त्या गटाच्या ६६ बाबींच्या मापनातील गुण दुसऱ्या गटाहून अधिक वाढले, व्यायामातील आनंदही अधिक आढळला. परंतु स्नायूंचा ताठरपणा, दैनंदिन व्यवहार आणि जीवनाची गुणवत्ता यांत दोन गटांमध्ये उल्लेखनीय अंतर पडले नाही. एवढ्या थोड्या मुलांवरून मोठे सिद्धान्त काढता येत नाहीत हे उघड आहे. तथापि कशात फरक पडला व कशात पडला नाही, हे ज्या सरळपणाने तेथे लिहिले आहे, त्या सरळपणाची अपेक्षा मी आपल्या प्रत्येक केंद्राच्या दप्तराकडून करीन.

आणि काही मुलांच्या बाबतीत सर्वांसाठी ठरविलेले कोष्टक अपुरेच पडते. अशा वेळी किरेसुक आणि शर्मन यांनी १९६८ साली मांडलेली उद्दिष्टपूर्तीची श्रेणी उपयोगी पडते. उपचारापूर्वीच आईवडिलांशी बोलून एक उद्दिष्ट ठरवावयाचे, अपेक्षित फळाला शून्य द्यावयाचे, त्याहून सरस फळाला अधिक एक व अधिक दोन, उण्या फळाला उणे एक व उणे दोन. 'आंघोळीच्या वेळी डोक्यावर तांब्या ओतला असता न किंचाळणे' हे उद्दिष्ट कोणत्याही आंतरराष्ट्रीय तक्त्यात सापडावयाचे नाही, पण त्या घरातील रोजची सकाळ त्याने पालटते.

महाराष्ट्राला या विषयाचे अगत्य असावयास कारण आहे. मुलीला पोलिओ झाल्यावर फातिमा इस्माईल यांनी १९४७ साली मुंबईत अपंग बालकांच्या पुनर्वसनाचे काम उभे केले. आणि सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झालेले सैनिक, १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर मुक्तशैलीत सुवर्णपदकाचे मानकरी झाले. मात्र शर्यतीच्या तलावाचे पाणी २५ ते २८ अंशांचे असते, आणि त्यात ताठर स्नायूंचे मूल अधिकच आखडते. तेव्हा कोमट पाण्याचा, उताराने किंवा पाळण्याने उतरता येईल असा, कपडे बदलण्यास मोकळी जागा असलेला हौद प्रत्येक जिल्ह्यात एक तरी असावा, अशी तजवीज २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या भावनेला धरूनच होईल.

तोवर जेथे हौद आहे तेथे नोंदवही नीट ठेवणे कोणाच्याही हाती आहे. तीत गुणांबरोबर तारीख, पाण्याचे तापमान, खोली, आधाराचा प्रकार, मोजणाऱ्याचे नाव, त्या सप्ताहात आजारपण आले का, झटक्याच्या औषधात बदल झाला का, हे सारे असावे. वाढीच्या वयात मूल एकाएकी उंच होते, देहाचा तोल बदलतो, आणि काल साधलेले तरंगणे आज बिघडते; अशा वेळी गुण घसरलेले पाहून आईचा चेहरा उतरतो. तिला तीच वही उघडून उंचीचा रकाना दाखवावा, आणि आधार पुन्हा दोन बोटांवरून तळहातावर आणून पुढच्या मोजणीची तारीख लिहून द्यावी.