खेळाडूंचे अभिप्राय आणि अद्भुतकथन : ‘राजी’च्या निमित्ताने

वाचकाच्या प्रतिसादाचा विचार करताना आपण बहुधा छापील संहितेपाशीच थांबतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने घडवलेला व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा व्हिडिओ गेम या मर्यादेचा फेरविचार करावयास लावतो. सर्कशीत कसरती करणारी राजी असुरांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाच्या, गोलूच्या, शोधात निघते. तिची कथा दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून उलगडते.

अनेक खेळाडूंनी त्यातील चित्रमयतेची व पौराणिक वातावरणाची प्रशंसा केली; लढतीतील ओबडधोबडपणा, अल्प विस्तार आणि अकस्मात येणारा शेवट यांविषयी मात्र नाराजी व्यक्त केली. यांपैकी पहिला आक्षेप तंत्रविषयक होय. शेवटाविषयीचा आक्षेप निखळ वाङ्मयीन आहे. दीपनगर परिसरातील कीर्तनाच्या श्रोत्याला आख्यानाचा शेवट आधीच ठाऊक असतो. तरीही तो उठून जात नाही. त्याचे कुतूहल ‘पुढे काय’ यापेक्षा ‘कसे’ यात गुंतलेले असते. खेळाडूची स्थिती भिन्न आहे. नायिकेची प्रत्येक उडी त्याच्या हातून घडते, तिचा प्रत्येक पराभव त्याचा असतो. म्हणूनच अपुऱ्या शेवटाने त्याला केवळ कथा अर्धवट राहिल्यासारखे वाटत नाही, तर आपल्या श्रमाचे फळ हिरावले गेल्यासारखे वाटते.

तात्पर्य, श्रोता हा कथेचा साक्षी असतो, तर खेळाडू तिचा सहकर्ता. हे अभिप्राय उथळ ठरवून बाजूस सारल्यास अद्भुतकथेच्या आजच्या रसिकाला आपली समीक्षा मुकेल.